जुन्या गिऱ्हाइकाला जुना दर

२७ एप्रिल २०२५, रविवार. अक्षय्य तृतीया बुधवारी, ३० तारखेला. देवगडहून पुण्या-मुंबईला पेट्या वेळेत पोचायच्या तर सोमवारी संध्याकाळपर्यंत गाडीत चढायला हव्यात. या दोन दिवसांत काकांना मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे सकाळी सव्वाआठला स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

"गो, काल रात्री मी नवो दर टाकलंय. तुका दिसता काय?"

मी साइट उघडली. "दिसतोय ना काका. डझन अकराशे."

"मगे ही लोका नऊशेच कशी पाठवतत?"

काका बागायतदार. हापूस थेट गिऱ्हाइकाला विकतात, आणि त्यांची साइट मी पुण्यात बसून सांभाळते. दराचं कार्ड ते स्वतः फोनवर बनवतात: फळाचा आकार, डझनाचा भाव आणि खाली तारीख. तेच कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर जातं आणि मी करून दिलेल्या छोट्या पानातून साइटवर चढतं. सर्व्हरवर त्याचं नाव कायम एकच, दर.जेपीजी. नवं आलं की जुन्याच्या जागी बसतं.

मी त्यांना म्हटलं, लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असलेलं जुनं कार्ड बघत असतील. फोन ठेवला आणि चहा टाकला. ते उत्तर मी न तपासता दिलं होतं, आणि त्यात पाऊण तास गेला.

नऊ वाजता काकांनी एका गिऱ्हाइकाचा स्क्रीनशॉट पाठवला. वर आमच्या साइटचा पत्ता, खाली डझन नऊशे. माझ्या लॅपटॉपवर त्याच पत्त्यावर अकराशे.

आधी सीडीएनवर संशय गेला. आमच्या सर्व्हरच्या पुढे सीडीएन आहे, म्हणजे चित्रांच्या प्रती गिऱ्हाइकाच्या जवळच्या शहरातून देणारी यंत्रणा. तिथला साठा पुसायचं बटण असतं, ते दाबलं. दहा मिनिटांनी काकांचा निरोप: आणखी दोघांनी नऊशेने पैसे पाठवले.

मग मी डोंबिवलीच्या एका ताईंना काकांच्या मार्फत फोनवर घेतलं. त्या दरवर्षी पाच-सहा डझन घेतात.

"ताई, साइटवर कार्डाच्या खाली तारीख कोणती दिसतेय?"

"बावीस एप्रिल."

"पान एकदा रिफ्रेश करता?"

"केलं. बावीसच."

मी काकांना विचारलं, नऊशे कोणी कोणी पाठवले, नावं वाचून दाखवा. त्यांनी वही उघडली आणि एकेक नाव वाचत गेले. चौथ्या-पाचव्या नावाला ते स्वतःच थांबले. "ही सगळी आमची जुनी गिऱ्हायकां गो. नवीन इलेत ते अकराशेच देतत."

तिथे मला सगळं लख्ख दिसलं.

मार्च महिन्यात काकांची तक्रार होती की साइट उघडायला फार वेळ लागतो. कर्जत लोकलमधून बघणाऱ्या माणसाला आधी बागेचे अकरा फोटो उतरवून घ्यावे लागायचे, सगळे मिळून सहा एमबीच्या वर. मी फोटो वेबपीमध्ये, म्हणजे कमी जागा घेणाऱ्या चित्रप्रकारात, आणून लहान केले आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली. ब्राउझरला चित्र देताना सर्व्हर सोबत एक सूचना पाठवतो, कॅश-कंट्रोल नावाची. त्यात मॅक्स-एज म्हणून सेकंद लिहायचे: हे चित्र इतके सेकंद जवळ ठेव, तोवर पुन्हा विचारायला येऊ नकोस. मी लिहिलं ३,१५,३६,०००. बरोबर एक वर्ष. त्यामुळे दुसऱ्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकाला साइट डोळ्याची पापणी लवायच्या आत दिसायला लागली. बागेच्या फोटोंना, लोगोला, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या प्रमाणपत्राच्या चित्राला, फाँटच्या फाइलींना हे अगदी योग्य होतं. त्या फाइली बदलतच नाहीत. पण ती ओळ मी सगळ्याच चित्रांना लावली. दराचं कार्डही चित्रच होतं.

म्हणजे २२ तारखेनंतर ज्याने साइट एकदा उघडली, त्याच्या फोनमध्ये ते कार्ड एका वर्षाच्या बोलीवर जाऊन बसलं होतं. सीडीएन पुसून काय होणार? ब्राउझर सीडीएनपर्यंत येतच नव्हता. ताईंनी रिफ्रेश करूनही फरक पडला नाही, कारण क्रोम साध्या रिफ्रेशमध्ये मुख्य पान नव्याने विचारतो, पण पानातलं मुदतीतलं चित्र विचारत नाही, जवळचंच दाखवतो. नवीन माणसाच्या फोनमध्ये काहीच नव्हतं, म्हणून त्याला नवा दर. जुन्या, विश्वासाच्या माणसाला जुना.

आणि मला अकराशे का दिसत होतं? माझ्या ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स, म्हणजे साइट बनवणाऱ्यांची अवजारं, उघडी होती आणि 'डिसेबल कॅश'च्या चौकटीत खूण होती. कॅश म्हणजे ब्राउझरने जवळ ठेवलेला साठा; खूण असली की तो वापरला जात नाही. काम करताना ती लागतेच, नाहीतर आपलाच बदल आपल्याला दिसत नाही. पण त्या खुणेमुळे मी जी साइट बघत होते ती गिऱ्हाइकाची साइट नव्हतीच. आता कोणी म्हणालं की मला जुनं दिसतंय, तर मी आधी स्वतःचा साधा फोन हातात घेते.

काकांना सांगितलं, "कॅशमुळे झालंय."

"कॅश नाय गो, सगळे युपीआयच करतत."

मग नीट सांगितलं की लोकांच्या फोनात जुनं कार्ड साठून राहिलंय, आणि ते मला इथून काढता येत नाही. काका गप्प झाले. त्यांना वाटलं असणार, आता वर्षभर हे असंच चालणार.

तसं नव्हतं. चित्र वर्षभरासाठी दिलं होतं, पण ज्या पानात ते दिसतं त्या पानाला मी दहाच मिनिटांची मुदत ठेवली होती. आणि ब्राउझर चित्र ओळखतो ते त्याच्या पत्त्यावरून. पानात दर.जेपीजीऐवजी दुसरं नाव लिहिलं की ब्राउझरच्या लेखी ती कधी न पाहिलेली फाइल. ती आणायला त्याला यावंच लागतं. मी कार्डाची प्रत नव्या नावाने चढवली, पानात ते नाव घातलं आणि सीडीएनवर पान पुसलं. पावणेअकरा वाजले होते. अकरा वाजता ताईंनी पुन्हा पान उघडलं आणि वाचलं, "सव्वीस एप्रिल. अकराशे."

तोवर चौदा जणांनी जुन्या दराने पैसे पाठवले होते, मिळून ३७ डझन. फरक सात हजार चारशे रुपये. चूक माझी, तेव्हा पैसे मी भरते, असं मी म्हटलं. काका ऐकेनात. "तो दर माझ्याच साइटीवर होतो मां? मगे तो माझोच शब्द."

मला ते लागलं. मॅक्स-एजही शब्दच असतो. आपण ब्राउझरला सांगतो की वर्षभर हे बदलणार नाही, आणि तो बिचारा विश्वास ठेवतो. न बदलणाऱ्या वस्तूबद्दलच तसं बोलायला हवं. इथे मी शब्द दिला आणि मोडलाही मीच. पाळला मात्र काकांनी.

सोमवारी रात्री, शेवटची गाडी गेल्यावर, मी ते कायमचं दुरुस्त केलं. आता काकांनी कार्ड चढवलं की फाइलच्या आतल्या मजकुरावरून आठ अक्षरांचा हॅश, म्हणजे त्या मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा, निघतो आणि तो नावात जोडला जातो. एक ठिपका बदलला तरी नाव बदलतं. अशा फाइलींना वर्षाची मुदत बिनधास्त देता येते, सोबत 'इम्यूटेबल', म्हणजे न बदलणारं, असंही लिहिता येतं. मुख्य पानाला मात्र दहा मिनिटंही ठेवली नाहीत. तिथे 'नो-कॅश' लावलं. या शब्दाने पुष्कळ जण फसतात. त्याचा अर्थ साठवू नकोस असा नाही, त्यासाठी 'नो-स्टोअर' आहे. 'नो-कॅश' म्हणजे साठव, पण दाखवण्याआधी दरवेळी मला विचार. २०२२ च्या जून महिन्यात आलेल्या आरएफसी ९१११ मध्येही, म्हणजे वेबवरच्या कॅशचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजात, हे असंच मांडलं आहे. ब्राउझर आपल्याकडच्या प्रतीची खूण, म्हणजे ईटॅग, पाठवतो. पान तेच असेल तर सर्व्हर ३०४, म्हणजे 'बदल नाही', एवढाच निरोप देतो, मजकूर पुन्हा पाठवत नाही. पान छोटं आहे, त्यामुळे लोकलमधल्या माणसालाही ते जड जात नाही. जुन्या दर.जेपीजी या नावावरही मी ताजं कार्ड ठेवलं, 'नो-कॅश' लावून, कोणी थेट त्या पत्त्यावर आलंच तर म्हणून.

बुधवारी संध्याकाळी सण उरकला आणि काकांनी दर पुन्हा उतरवला. कार्ड चढवून त्यांनी मला फोन केला नाही. डोंबिवलीच्या ताईंना केला, आणि मला त्याच फोनवर घेतलं.

"ताई, तारीख वाचा."

"तीस एप्रिल," त्या म्हणाल्या. "आणि डझन साडेआठशे. काका, अजून दोन डझन पाठवा."