प्लॅन पास व्हायला दहा दिवस, तिथवर पोचायला आठ महिने

गेले आठ महिने आमच्यात जेवायला बसलं की विषय एकच, घराच्या प्लॅनचं काय झालं. कोल्हापुरातलं मंगळवार पेठेतलं घर, पुढं सोपा म्हणजे ओसरी, मग माजघर, मागं परडं, वर कौलं, आणि पावसाळा आला की आईच्या चार बादल्या ठरलेल्या जागी. यंदा ठरवलंच की पाडून नीट आरसीसी बांधायचं. गल्लीतले सगळे म्हणाले, होतंय की राव, आता सगळं ऑनलाईन आहे.

आणि खरंच आहे ते. २०२० च्या डिसेंबरात मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली आली, यूडीसीपीआर. त्यात १५० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट असला तर लायसन्सवाल्या इंजिनिअरनं प्लॅन दाखल करून फी भरली की ती पावती हीच परवानगी, आणि १५० ते ३०० मध्ये असला तर दहा दिवसात परवानगी. आमचा दुसऱ्यात बसत होता. मी घरात सांगून टाकलं, दहा दिवस.

इंजिनिअरनं पहिल्याच भेटीत विचारलं, प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे शहरातल्या जागेचा सातबाराच, कुणाच्या नावावर? आजोबांच्या. आजोबा जाऊन पस्तीस वर्षं झाली. घरफाळा बाबांच्या नावानं येतोय, लाईट बिल बाबांच्या नावानं, म्हणून आम्ही निवांत, पण घरफाळा भरला म्हणून कुणी मालक होत नाही हे तवर डोक्यातच आलेलं नव्हतं. मग वारस नोंद, त्यात दोन आत्या, एक इचलकरंजीत, एक बेळगावला, दोघींची हक्कसोडपत्रं रजिस्टर करायची. बेळगावची आत्या फोनवर म्हणाली, "सही करतो की रं, पण वरची एक खोली माझी म्हणायची." म्हणायची म्हटलं. तारखा जुळवायला दोन महिने गेले, एकदा तर ती स्टँडवर उतरली आणि लक्षात आलं की आधार कार्ड घरीच राहिलंय.

मग मोजणी. शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून दारात उभ्या, कारण आमची-त्यांची भिंत सामाईक, मातीची, दीड हात जाड, आणि ती नक्की कुणाच्या हद्दीत किती हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. टेप लावला, एकदम शांतता. कार्डावर १७१.४ चौरस मीटर, जागेवर भरलं १६६.८. इंजिनिअर म्हणाला, दोन्हीत कमी ते धरायचं. म्हणजे जवळपास पन्नास चौरस फूट गेलं, एक चांगलं बाथरूम होतं की तेवढ्यात! काकूंनी त्यानंतर आठवडाभर आईला ताक दिलं नाही, आता देतात.

त्यात झोन दाखला (जागा राहण्याच्या झोनमध्ये आहे का त्याचा), भाग नकाशा (विकास आराखड्यातला आपल्या जागेपुरता), रस्त्याची रेघ आपल्या ओट्यावरनं जाते का ते बघणं, हे वेगळंच. ते त्यातल्या त्यात पटकन झालं. आमचा एक मित्र दुधाळीकडं जागा बघतोय, त्याला तर पूररेषेचं पण बघायचंय, निळ्या (नेहमीच्या पुराच्या) आणि लाल (मोठ्या पुराच्या) रेषेच्या मध्ये आली तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा दीड फूट वर घ्यावं लागतंय. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. (आणि ज्यांना नुसती फरशी बदलायची आहे, गिलावा, रंग करायचाय, त्यांनी घाबरू नका, आतल्या असल्या कामाला परवानगी लागत नाही. भिंत किंवा पिलर हलवणार असला तर मात्र आधी विचारा.)

नकाशा काढायला किती लागले? चार दिवस. शेवटची प्रिंट घेऊन इंजिनिअर घरी आला, बाबांनी चष्मा लावला. नकाशात लाल भरलेलं म्हणजे नवीन बांधायचं, ते त्यांना कळलं, जिना कुठं, देवघर कुठं विचारून झालं. मग बोट सोप्यावर थांबलं. "आणि हे पिवळ्या रेघोट्या मारल्यात ते?"

"पाडायचं ते."

सगळा सोपा पिवळा होता. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, मधली तुळई तेवढी काढून ठेवा, सागवान आहे.

परवानगी खरंच दहा दिवसात आली. मंगळवारी कौलं उतरवली. आम्ही आता फुलेवाडीत दोन खोल्यांत भाड्यानं राहतोय, ती तुळई व्हरांड्यात आडवी पडलीय, येताजाता सगळ्यांना ठेच लागते, आणि बाबा त्यावरच बसून पेपर वाचतात.