टोनर नोंद ४ : नारिंगी पट्टा गेला, पण टोनरने नाही

केस ब्लीच करताना मध्येच राहिलेला मागच्या नोंदीतला पट्टा आठवत असेल: मुळं आणि टोकं लेव्हल ९ वर (१ म्हणजे काळे, १० म्हणजे सर्वात फिकट), मधले चार इंच मात्र ७ वर अडकलेले, कारण तिथे जुन्या तपकिरी डायचा थर. त्यावर टी१८ (वेलाचा जांभळा टोनर, म्हणजे ब्लीचनंतर उरलेली नको ती झाक दाबणारा रंग) दोनदा लावूनही नारिंगी तशीच राहिली. राहणारच होती. टी१८चा जांभळा पिवळ्याला मारतो. ७ वर असते नारिंगी, तिला निळा लागतो. निळाही लावून पाहिला. नारिंगी दबली, पण पट्टा मातकट आणि बाकीच्या केसांपेक्षा गडद दिसायला लागला. टोनर झाक झाकतो, डाय काढत नाही. ते काम ब्लीचचंच.

म्हणून फक्त पट्ट्याला पुन्हा ब्लीच. ३० ग्रॅम पावडर, ६० मिली २० व्हॉल्यूम डेव्हलपर (पावडरीत मिसळायचं पेरॉक्साइड, आकडा मोठा तितकं तीव्र), दोन्ही वजनकाट्यावर. डब्यातल्या चमच्याचा भरवसा नाही. सुटी पावडर घेऊच नका, दमट हवेत ती मरते. पट्ट्याच्या वर-खाली जाड कंडिशनर लावला, म्हणजे आधीच उजळलेल्या केसांवर ब्लीच ओघळत नाही. लटी आरपार दिसतील इतक्या पातळ.

मागची खरी चूक इथे सापडली: पंखा. मिश्रण वाळलं की ब्लीच थांबतं. या वेळी पंखा बंद, लटींवर प्लॅस्टिक, दर सात-आठ मिनिटांनी एक लट पुसून तपासणी. ३५ मिनिटांत केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा आला! ३० व्हॉल्यूमची गरजच पडली नाही. ओली लट ओढल्यावर रबरासारखी ताणून परत येईना, तर तिथेच थांबायचं. इथे ती परत आली.

मग टी१८, एकास दोन, २० व्हॉल्यूममध्ये, टॉवेलने टिपलेल्या केसांवर. पट्टा १२ मिनिटांत बेज झाला, पण टोकं राखाडी पडली. सच्छिद्र केस जांभळा पटकन ओढतात. आठवड्याने एकदा जांभळा शाम्पू असं ठरलं होतं, पण टोकांना तो आत्ता नकोच. आधी दोन-तीन साध्या शाम्पूंनी राखाडी उतरू दे. पुढच्या वेळी टोनर आधी पट्ट्यावर आणि टोकांना शेवटची तीन मिनिटंच.

बोअरचं पाणी असेल तर ब्लीचच्या आदल्या दिवशी कीलेटिंग शाम्पू (केसांत साचलेले धातू काढणारा) लावा. पाण्यातलं लोह केसांत साचून तांबूस झाक आणतं. आणि काळ्या मेंदीचे केस असतील तर कापलेली एक लट आधी ब्लीचमध्ये बुडवून बघा. ती तापली किंवा तिला वाफ आली, तर डोक्याला हात लावू नका.