पेज आणि पॉज

गोव्यात सकाळी साडेदहा-अकराला पेज. शेतात चिखल तुडवणारा असो की छपरावर बसून कौलं परतणारा, त्या वेळेला हात धुतले जातात. उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला भाजलेला खारा बांगडा नाहीतर चेपणीचं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, आणि अर्ध्या तासाने माणूस पुन्हा छपरावर. काम जिथे टाकलं तिथेच असतं. कौल काही आपण होऊन पुढे सरकत नाही.

आजाऱ्याच्या वाट्याला हीच पेज दिवसातून दोन-तीनदा येते, बांगडा वजा करून. आणि ती नेमकी गेम रंगात आलेला असताना येते. दारातून हाक: "मोबायल दवर रे, पेज थंड जाता." लांबलेल्या आजारपणात कुठला गेम चालेल आणि कुठला नाही, याचा निकाल त्या एका हाकेत लागतो. चित्रं कशी आहेत, कथा कशी आहे, हे सगळं नंतर. आधी सांगा, आत्ता या क्षणी थांबवता येतो का?

उदाहरणार्थ बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. २०२१ च्या जुलैपासून गावागावातल्या कट्ट्यांवर हाच. शंभर जण विमानातून उड्या मारतात, मैदान आकसत जातं, शेवटी उरेल त्याला 'चिकन डिनर'. एरँगलच्या नकाशावर पुरा डाव टिकलात तर अर्ध्या तासाच्या आसपास जातो आणि त्यात पॉज नाही, कारण उरलेले नव्व्याण्णव तुमच्या थर्मामीटरसाठी थांबणार नाहीत. सिस्टर ताप बघायला आली की फोन उशीखाली, आणि तुमचा गडी उघड्या माळावर विजेच्या खांबासारखा उभा. चौघांच्या टोळीत असाल तर मित्रांचे शब्द वेगळे ऐकायचे. शिवाय पेजेवर असलेल्या माणसाने चिकन डिनरच्या मागे लागावं का, हा प्रश्न आहेच.

आता पॉज आणि सेव्ह यांतला फरक. पॉज म्हणजे चित्र गोठलं. फोनची बॅटरी संपली किंवा दुसरं ॲप उघडल्यावर फोनने गेम बंद करून टाकला, की गेलं. सेव्ह म्हणजे वहीत नोंद झाली. काही गेम दर क्षणाला नोंद करतात, काही ठरावीक टप्प्यावर, काही तुम्ही सांगाल तेव्हाच. स्ले द स्पायर या पत्त्यांच्या गेममध्ये लढाईच्या मध्यात 'सेव्ह अँड क्विट' केलं तर परत आल्यावर ती लढाई पहिल्यापासून सुरू होते, मागचं सगळं शाबूत. हा हिशोब आजाऱ्याला परवडतो, पाच मिनिटांपलीकडे काही बुडत नाही. ज्या गेममध्ये दोन टप्प्यांत वीस-पंचवीस मिनिटं जातात तो तापाच्या दिवसांत उघडूच नये. निन्टेंडो स्विच या हातात धरायच्या गेमयंत्रावर वरचं बटण दाबलं की यंत्र झोपतं आणि उठवलं की उडी मारता मारता थांबलेला माणूस तिथूनच खाली येतो. याइतकी पेजेच्या जवळ जाणारी सोय दुसरी नाही.

सगळ्यांत जास्त बोलावंसं वाटतं ते स्टारड्यू व्हॅलीबद्दल. २०१६ चा गेम, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं बसून केलेला. आजोबांची पडीक जमीन, हातात कुदळ, झारी, कुऱ्हाड. पहिल्याच दिवशी १५ पार्सनिपच्या बिया मिळतात. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखं कंद, चार दिवसांत तयार, ३५ नाण्यांना विकतं, बी २० नाण्यांचं. खेळातला दिवस सकाळी सहाला उगवतो आणि रात्री दोनला माणूस असेल तिथे कोसळतो. खेळातली दहा मिनिटं म्हणजे आपले सातेक सेकंद, म्हणजे पुरा दिवस साधारण १४ मिनिटांचा. एक ऋतू २८ दिवसांचा, चार ऋतूंचं वर्ष ११२ दिवसांचं. गुणाकार केला तर अख्खं वर्ष आपल्या २६ तासांत बसतं. बिछान्यावर पडून ज्याचं वर्ष सरकत नाही त्याने ही शेती जरूर करावी.

यातली शक्तीची पट्टी तर आजाऱ्याने जवळून बघण्यासारखी. सुरुवातीला २७० अंक. कुदळीचा एक घाव २, झारीने एक रोप भिजवलं की २. पंधरा पार्सनिपना पाणी म्हणजे ३० गेले. दगड फोडा, झाडं तोडा, दुपारपर्यंत पट्टी तळाला. ती शून्यावर आली की माणूस पाय ओढत चालायला लागतो, आणि त्या दिवशी झोपला तर दुसऱ्या दिवशी निम्म्याच शक्तीने उठतो, झोप पुरी झाली तरी. ताप उतरल्यावर पहिल्या बऱ्या दिवशी ज्याने हौसेने कपाट आवरलं आणि पुढचे दोन दिवस उठला नाही, त्याला हा नियम वेगळा समजवावा लागत नाही. शेतात नवशिक्यांची चूकही तीच. पहिल्या आठवड्यात अख्खी जमीन साफ करायला निघतात. आधी २०-२५ चौकोन पुरे. पाऊस पडला त्या दिवशी पाणी घालायचं नाही, ते ४०-५० अंक वाचतात. गोव्याच्या माणसाला पावसाने काम वाचवणं नवीन नाही, फक्त आपल्याकडे तो चार महिने वाचवत बसतो.

अडचण एकच. संगणकावर आणि कन्सोलवर हा गेम दिवस संपला, म्हणजे माणूस झोपला किंवा कोसळला, तरच सेव्ह होतो. सकाळपासून राबलात आणि संध्याकाळी सात वाजता वीज गेली, तर दिवस गेला. फोनवरच्या आवृत्तीत मध्येच बाहेर पडलं तरी नोंद राहते, म्हणून वॉर्डात फोन बरा. मासेमारी मात्र थकलेल्या बोटांना झेपत नाही. बटण दाबलं की हिरवी पट्टी वर, सोडलं की खाली, आणि मासा त्या पट्टीत धरून ठेवायचा. थरथरत्या अंगठ्याने सुरमई सोडा, पेडवेसुद्धा निसटतील. तिथे २५ नाण्यांचा शिकाऊ गळ घ्यावा, त्याची पट्टी मोठी असते, साधेच मासे लागतात. मासे नाहीत म्हणून गेम सोडणारा गोंयकार सापडेलच, पण शेतीवरही निभतं.

सलाईन लावलेलं असताना एकच हात मोकळा असतो. कॅन्युला मनगटाजवळ असेल आणि मनगट वाकलं तर धार थांबते, नळीत रक्त चढतं, पंप असेल तर तो किंचाळतो. त्या तासांत दोन्ही हातांचे गेम बाजूला ठेवा. उभ्या फोनवर एका अंगठ्याने चालणारे घ्या. कंट्रोलर वापरत असाल तर त्याचं कंपन सेटिंगमधून बंद करा, सुईच्या हाताला ते नको. इयरफोन एकाच कानात, दुसरा कान सिस्टरला.

एका अंगठ्याच्या गेममध्ये '२०४८' अजून हलत नाही. गॅब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने २०१४ च्या मार्चमध्ये केलेला. चार बाय चारची पाटी, सारखे आकडे एकावर एक सरकवून दुप्पट करायचे. प्रत्येक सरकवणीनंतर एक नवा आकडा येतो, दहात नऊ वेळा २, एकदा ४. म्हणजे २०४८ गाठायला साडेनऊशेच्या आसपास सरकवण्या लागतात, पण घड्याळ नाही, घाई नाही, फोन बाजूला ठेवला तर पाटी तशीच. गुपित असं की सगळ्यांत मोठा आकडा खालच्या एका कोपऱ्यात बसवायचा आणि त्याला उठवायचं नाही. डावीकडे, उजवीकडे, खाली. वर कधीच नाही. डाव बिघडतो तो बहुधा असा: खालची ओळ भरलेली नसते, कोपऱ्याकडची बाजू आणि खाली, दोन्ही दिशा अडतात, नाइलाजाने उलट बाजूला सरकवावं लागतं, आणि मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात एक क्षुल्लक २ येऊन बसतो. मग पाचशेबारा बाजूला आणि दोन कोपऱ्यात. हे असं बसणं सरकारी खात्यांतही पाहायला मिळतं. उपाय म्हणजे खालची ओळ नेहमी चार वेगवेगळ्या आकड्यांनी भरलेली ठेवणं, मग डावी-उजवीकडे सरकवताना कोपरा हलत नाही.

वजनाकडे कुणी बघत नाही. फोन दोनशे ग्रॅमच्या मागेपुढे. पहिला स्विच दोन्ही कंट्रोलरांसकट चारशे ग्रॅमच्या घरात, स्टीम डेक जवळजवळ पावणेसातशे. दुकानात हातात घेताना तिन्ही हलके. उताणं पडून छातीवर धरले की सातव्या मिनिटाला मनगट सांगतं, आणि आठव्याला यंत्र नाकावर. स्विचचे कंट्रोलर काढता येतात. पडदा जेवणाच्या सरकत्या टेबलावर उभा करावा, एकेक कंट्रोलर एकेका हातात घेऊन हात अंगाशेजारी चादरीत ठेवावेत, कोपराखाली छोटी उशी. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर यंत्र पोटावर टेकवून खेळण्याची सवय पहिल्या दिवसापासून नको.

मळमळ असेल तेव्हा खेळातल्या माणसाच्या डोळ्यांतून बघायचे गेम टाळावेत. डोळे सांगतात आपण धावतोय, कानातलं तोल सांभाळणारं अंग सांगतं आपण पडून आहोत, आणि भांडणाचा खर्च पोटाने भरायचा. खेळायचंच असेल तर हलताना चित्र पुसट करणारं मोशन ब्लर बंद, कॅमेरा हलणं बंद, माइनक्राफ्टमध्ये चालताना चित्र डोलवणारं व्ह्यू बॉबिंग बंद. संगणकावर पडद्यात दिसणारा कोन (फील्ड ऑफ व्ह्यू) ९० अंशांच्या आसपास वाढवला तर बरं पडतं. तरीही वरून बघायचा, स्थिर चित्राचा गेम यापेक्षा केव्हाही चांगला.

औषधांनी डोक्यात धुकं येतं, त्याचंही तसंच. मोठ्या कथेच्या गेममध्ये आठवडाभर खंड पडला की हा तलवारवाला आपला होता की त्यांचा, हेच आठवत नाही. स्ले द स्पायर इथे पुन्हा कामाला येतो. हातात पाच पत्ते, खर्चायला तीन शक्ती, आणि समोरचा पुढच्या वेळी काय करणार आहे ते त्याच्या डोक्यावर लिहिलेलं. लक्षात ठेवायचं काही नाही, सगळं पाटावर मांडलेलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये काढलेला राजी हा गेम दिसायला देखणा, आपल्या पुराणांतला, पण उड्या आणि त्रिशूळाचे वार वेळेवर पडावे लागतात. तो बरं होऊ लागल्यावर. सेलेस्ट या उड्यांच्या गेममध्ये निदान असिस्ट मोड आहे, खेळाचा वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो. तो वापरल्याने कमीपणा येतो म्हणणाऱ्याला दोन दिवस सलाईनवर ठेवावं.

मग जून लागतो. वीज जाते, राउटर जातो, आणि इंटरनेटशिवाय न उघडणारे गेम कुठले ते एका संध्याकाळीत कळतं. मे महिन्यातच फोन विमानाच्या मोडवर टाकून एकेक उघडून बघितलेला बरा. दमट हवेने कंट्रोलरची बटणं चिकटतात, किनाऱ्याकडच्या घरांत खारा वारा धातूची टोकं खातो. औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून देऊ नका, झाकणाच्या डब्यात कंट्रोलर आणि त्या पुड्या. पडद्यावरचा माणूस कंट्रोलरला हात न लावता चालायला लागला तर ते भूत नव्हे. अंगठ्याने हलवायच्या काठीच्या तळाशी कार्बनचा पट्टा असतो, त्यावर घासून काठीची जागा मोजली जाते. तो झिजला की शून्य कुठे ते यंत्राला कळेनासं होतं. ज्या गेममध्ये डेडझोनची, म्हणजे काठीची बारीक हालचाल न मोजण्याची, सोय असते तिथे तो हळूहळू वाढवत न्यावा, चालणं थांबेल तिथे सोडावा. भेटायला आलेल्या भाच्यांनी हाताळलेला कंट्रोलर बंद करून ७० टक्के आयसोप्रोपाइलच्या पुसणीने पुसावा. फवारा थेट मारू नये, फटीतून आत जातो. प्रतिकारशक्ती उतरलेली असेल तर हे पुसणं औषधाइतकं वेळेवर.

हिंडण्याची परवानगी मिळाली की पोकेमॉन गो, हा चालत खेळायचा गेम. दोन किलोमीटर चालल्यावर फुटणारं अंडं घ्यावं, दहाच्या वाटेला जाऊ नये. कांपालच्या पदपथावर रोज चारशे मीटर चाललं तरी पाचव्या दिवशी ते फुटतं. ॲडव्हेंचर सिंक चालू ठेवलं तर फोन खिशात राहूनही पावलं धरली जातात. मिरामारच्या वाळूत मात्र तेवढ्याच अंतराला दुप्पट दम लागतो. रिंग फिट ॲडव्हेंचर हा कडं हातात धरून व्यायाम करायचा स्विचवरचा गेम त्याच्याही नंतर, आणि टाके घालणाऱ्या डॉक्टरांना विचारून. त्यात एक कंट्रोलर कड्यात बसतो, दुसरा डाव्या मांडीवरच्या पट्ट्यात. स्विच लाइटचे कंट्रोलर निघत नाहीत, त्यावर वेगळे विकत घ्यावे लागतात. जोर १ ते ३० मध्ये बसवता येतो, पहिले पंधरा दिवस खालच्या आकड्यांत राहावं, गेम कितीही पाठ थोपटो.

एक गेम या सगळ्यांच्या उलटा. ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स, बेटावर घर करून राहण्याचा, २० मार्च २०२० चा. त्याचं घड्याळ आपल्या घड्याळाला जोडलेलं, तुम्ही खेळा की नका. दोन्ही गोलार्धांचे ऋतू निवडता येतात, पण चार महिन्यांचा पावसाळा दोन्हींत नाही, आणि उत्तर गोलार्ध घेतला तर डिसेंबरात पर्वरीच्या माणसाच्या अंगणात बर्फ. आज पूल बांधायला दिला तर उद्या मिळतो, म्हणून उद्याची वाट बघायला कारण होतं. पण रविवारी सकाळी विकत घेतलेले सलगम पुढच्या रविवारच्या आत विकले नाहीत तर कुजतात. बांबोळीच्या इस्पितळात भरती होण्याची तारीख आठवड्यात येणार असेल तर सलगम घेऊ नयेत.

बरं होऊन कामावर रुजू झालेला माणूस चवथीच्या सुटीत कधीतरी दोन्ही उघडतो. स्टारड्यूच्या शरदात भोपळे तेरापैकी नवव्या दिवशी होते, तसेच नवव्या दिवशी आहेत, एकही पान वाळलेलं नाही. ॲनिमल क्रॉसिंगच्या बेटावर गुडघाभर गवत. शेजारी दारात गाठून महिने मोजून दाखवतात, कुठे होतास म्हणून. आणि घराचं दार उघडलं की जमिनीवर झुरळं पळतात. त्यांना औषध नाही, एकेकावर पाय द्यावा लागतो.