वांगणीपासून रणापर्यंत : आमची वाटचाल

ठाण्यात कोपरी येथील आमच्या घराच्या पोटमाळ्यावर सहा इंची आरशाच्या दुर्बिणी जुळवून विकणे, एवढाच आमचा व्यवसाय सुरुवातीला होता. पुढे शाळांच्या गच्चीवर चंद्र आणि शनी दाखवण्याची कामे मिळू लागली, तेव्हा लक्षात आले की, लोकांना दुर्बिणीपेक्षाही अंधाराची उणीव अधिक आहे. विद्यार्थिदशेत बदलापूरजवळच्या ज्या वांगणीला खगोल मंडळाच्या आकाशदर्शनासाठी मी रात्र रात्र जागलो होतो, तिथेच आम्ही आमचे पहिले मुक्कामी कार्यक्रम केले, आणि तिथून पुढे कच्छच्या छोट्या रणाकडे वळलो.

रणाची थोरवी दक्षिण आकाशातल्या अगस्त्य ताऱ्यावरून ध्यानात येते. खरे तर ठाण्यातून तो अधिक उंच दिसायला हवा, कारण रणातून तो क्षितिजावर जेमतेम चौदा अंश चढतो. परंतु ठाण्यात तो इमारतींआड आणि दिव्यांच्या धुरकट उजेडात हरवतो, तर रणात चारही दिशांना सपाट जमीन असल्यामुळे तो उगवल्यापासून मावळेपर्यंत डोळ्यांसमोर राहतो.

पहिल्या सहलीत ठरवलेली गाडी तीन तास उशिरा आली आणि पहाटे दवाने आरसे झाकोळले, तरीही कोणी तक्रार केली नाही, याचे श्रेय मी एका रातवा पक्ष्याला देतो. डोळे अंधाराला सरावण्यासाठी वीस ते तीस मिनिटे लागतात, म्हणून आम्ही फक्त मंद लाल दिवा वापरतो. त्या उजेडात, दुर्बिणीपासून चार पावलांवर, मातीच्या ढेकळासारखा हा पक्षी बसला होता, आणि तो उडाला तेव्हाच आम्हाला कळले की तो तिथे होता. त्यानंतर रानगाढवांच्या टापा, खोकड या लहान कोल्ह्यांच्या जोडीचे दुरून निरखणे, अतिनील विजेरीच्या प्रकाशात हिरवट निळे चमकणारे विंचू, अशा भेटी घडत गेल्या. फुरशाच्या भीतीने बूट झटकून घालण्याचा आणि पाय ठेवण्याआधी जमीन पाहण्याचा नियम मात्र आम्ही कधीही सैल केला नाही. मुक्कामही रानगाढवांच्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर, दसाडा परिसरातच असतो.

ताऱ्यांसाठी आम्ही अमावास्येच्या आसपास जातो, पण दरवर्षी एक सहल शुक्ल अष्टमीला ठेवतो. त्या रात्रीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. तोवर मिठाच्या आगरांत हिवाळाभर राबणाऱ्या अगरिया कुटुंबांना तो विनामूल्य दाखवायचा आणि मग पाहुण्यांसाठी अंधार मोकळा, अशी सोय त्यात आहे. अशाच एका रात्री आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा स्टुलावर उभा राहून चंद्रावरची विवरे पाहत असताना एकाएकी ओरडला की, पक्षी उलटे उडत आहेत. मी घाईने डोळा लावला. चंद्राच्या उजळ भागावरून, मान पुढे आणि पाय मागे ताणलेल्या काळ्या आकृत्या एकामागून एक सरकत होत्या. आमच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते, म्हणून त्यांच्या पाठी खाली होत्या. क्षणभराने डोक्यावरून बदकांच्या आवाजासारखा कलकलाट ऐकू आला. ते रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असावेत, असे तिथल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले. इतक्या वर्षांत मी ग्राहकांना जे जे दाखवले, त्यांत याच्या तोडीचे काही नाही, आणि तेही मला एका मुलाने दाखवले.

टाळेबंदीत सहली थांबल्या. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी पूर्णचंद्राच्या व्यासाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके जवळ आले, तेव्हा सोसायटीच्या गच्चीवर एकेका कुटुंबाला बोलावून आम्ही ते दाखवले, आणि त्या संध्याकाळीच पुन्हा उभे राहण्याचे बळ मिळाले.

कच्छच्या रणात वीण करणाऱ्या रोहित पक्ष्यांचे थवे हिवाळ्यात ठाणे खाडीत येतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होते, परंतु त्या मुलाच्या हाकेनंतर ही दोन्ही ठिकाणे एकाच वाटेवरची वाटू लागली. रणातून परतलेले आमचे पाहुणे आता ऐरोलीला खाडीवर जातात आणि तिथून आवर्जून फोन करतात. गेल्या नोव्हेंबरात शुक्ल पक्षातील दोन रात्री आम्ही कोपरीच्या गच्चीवर आठ इंची दुर्बीण चंद्रावर रोखून बसलो होतो. दोन्ही रात्री चंद्रावरून एकही पक्षी गेला नाही. यंदा आम्ही पाच रात्री बसणार आहोत.