३१व्या आठवड्यात जन्मलेली लेक आणि वरचं दूध: माझा अनुभव

माझी लेक ३१व्या आठवड्यात जन्मली. वजन १,४८० ग्रॅम. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ अजून बसलेला नव्हता, म्हणून नळीतून दूध. मी दर तीन तासांनी पंप लावायचे आणि बाटलीचा तळ जेमतेम झाकला जायचा. कमी पडेल तेवढं दूधपेढीतून, दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध मिळत होतं. घरी गेल्यावर ते मिळणार नव्हतं.

डिस्चार्जच्या आधी मी डॉक्टरांपुढे बाळाच्या दूध पावडरच्या तीन डब्यांची नावं ठेवली आणि विचारलं, यातलं सगळ्यात चांगलं कोणतं? त्यांनी मला डब्यामागचा तक्ता वाचायला लावला. पूर्ण दिवसांच्या बाळांसाठीच्या दुधात १०० मिलीला साधारण ६७ कॅलरी असतात. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, कमी दिवसांच्या बाळांना देतात त्यात ८०च्या आसपास. आणि अशी बाळं घरी गेल्यावर द्यायचं तिसरं एक असतं, त्यात ७३ ते ७५. माझ्या यादीतली तिन्ही नावं पहिल्या प्रकारातली निघाली.

फरक फक्त कॅलरींचा नव्हता. कॅल्शियम, फॉस्फरस आणि लोह बाळाला आईकडून मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळतं. माझ्या लेकीचे तेच महिने हुकले होते. ही तूट भरण्यासाठी कमी दिवसांच्या बाळांच्या दुधात प्रथिनं आणि खनिजं वाढवलेली असतात. हे कळल्यावर मला तो तक्ता नीट वाचता आला. एका नातेवाइकांनी आग्रहाने सोयाचं सुचवलं होतं, पण कमी दिवसांच्या बाळांसाठी ते योग्य नाही म्हणून सोडून दिलं.

आमच्यासाठी तिसरा प्रकार ठरला, तोही फक्त माझं दूध कमी पडेल तेवढाच. अशा बाळांच्या आतड्यांना होणाऱ्या एका गंभीर आजाराचा धोका आईच्या दुधाने कमी होतो, हे मी एनआयसीयूतच ऐकलं होतं. त्यामुळे पंप बंद केला नाही. दिवसाला तीस मिली निघालं तरी ते आधी तिच्या पोटात जायचं.

सगळ्यात जास्त धास्ती दूध तयार करण्याची होती. पावडर निर्जंतुक नसते, हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून पाणी उकळायचं आणि ७० अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर घालायची. मग बाटली थंड पाण्यात धरून दूध कोमट करायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं. तयार दूध दोन तासांत वापरायचं, उष्टं उरलं तर ओतून द्यायचं. रात्री तीन वाजता ते ओतताना जीव तुटायचा, तरी ओतलं. वजन लवकर वाढावं म्हणून अर्धा चमचा जास्त घालावा, असं एकदा मनात आलं होतं. नर्सताईंना फोन केला. त्यांनी ठामपणे थांबवलं: दाट दुधाचा ताण बाळाच्या मूत्रपिंडांवर येतो, शरीरातलं पाणीही कमी पडतं.

वजन, लांबी आणि डोक्याचा घेर, तिन्ही दर तपासणीला मोजले जायचे. सुधारित वयाचे, म्हणजे जन्माच्या ठरलेल्या तारखेपासून मोजलेले, तीन महिने झाले तेव्हा तिन्ही रेषा वाढीच्या तक्त्यावर नीट चालल्या होत्या. डॉक्टरांनी पूर्ण दिवसांच्या बाळांसाठीचं साधं पावडरचं दूध सुरू करायला सांगितलं. नव्या डब्यातल्या चमच्याचं माप वेगळं होतं, म्हणून जुना चमचा मी त्याच दिवशी टाकून दिला.