आमदार करतात तरी काय?

निवृत्त झाल्यापासून लग्नकार्यात, बँकेच्या रांगेत, गावच्या पारावर, जिथे जाईन तिथे मला एकच प्रश्न विचारला जातो : ‘तुम्ही इतकी वर्षे सभागृहात समोर बसून ऐकलेत, आता खरे सांगा, हे आमदार करतात तरी काय?’ या प्रश्नातला ‘तरी’ फार बोलका आहे, कारण विचारणाऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. मी विधिमंडळात मराठी प्रतिवेदक होतो. सभागृहात जो जो शब्द उच्चारला जाई तो लघुलिपीत उतरवून घेणे, पाळी संपली की वर जाऊन तो मराठीत लिहून काढणे आणि ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ असा शेरा असलेल्या कागदावर तो पुढे पाठवणे, एवढेच माझे काम. मला राजकारण कळते असा माझा दावा नाही. मात्र कोण काय बोलले आणि काय बोललेच नाही, हे मी ऐकलेले आहे. तेव्हा तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो.

आमदाराला दोन नोकऱ्या असतात आणि त्यांपैकी फक्त एकीसाठी त्याला मते मिळतात. ही पहिली नोकरी पाहायची असेल तर अधिवेशनाच्या दिवसांत सकाळी सातला आमदार निवासात जावे. रात्रीच्या गाडीने आलेली माणसे खोलीबाहेरच्या पडवीत, कोणी वर्तमानपत्र अंथरून, कोणी पिशवी उशाला घेऊन बसलेली असतात. एकाच्या वडिलांना मोठ्या रुग्णालयात खाट हवी असते, एका शिक्षिकेला नवऱ्याच्या जिल्ह्यात बदली हवी असते, एकाचा शेतातला ट्रान्सफॉर्मर जळून महिना झालेला असतो आणि एक जण नुसताच मुंबई पाहायला आलेला असतो. स्वीय सहायक लेटरहेडवर भराभर शिफारसपत्रे लिहितो, आमदार चहा पिता पिता सह्या करतो आणि मध्येच कोणा अभियंत्याला फोन लावून ‘अहो, आपला माणूस आहे, बघा जरा’ एवढे म्हणतो. मतदारसंघात परतल्यावर लग्ने, दहावे, सप्ताह, उद्घाटने यांचा रतीब सुरू होतो. साधारण तीन लाख मतदारांच्या सुखदुःखाला हजर राहण्याची अपेक्षा एका माणसाकडून असते. एखाद्या मयतीला न गेल्यामुळे भावकीची मते गेल्याचे मी एका पराभूत आमदाराच्या तोंडून ऐकलेले आहे, आणि तो विनोद करत नव्हता.

दुसरी नोकरी सभागृहातली. कायदे करणे, सरकारने मागितलेल्या पैशाला मान्यता देणे आणि मंत्र्यांना जाब विचारणे अशी तिची व्याख्या शाळेच्या पुस्तकात असते. प्रत्यक्षात ती कागदांची नोकरी आहे. मुंबईत अर्थसंकल्पी आणि पावसाळी, नागपुरात हिवाळी अशी तीन अधिवेशने होतात आणि प्रत्येकाच्या आधी सदस्यांच्या तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या, प्रश्नांचे गठ्ठे सचिवालयात येऊन पडतात. ते नियमांत बसतात का हे तपासले जाते, कोणाचा प्रश्न कोणत्या क्रमाने लागेल हे ठरते आणि मग छापील यादीत मंत्र्यांचे उत्तर येते. ही उत्तरे वाचायची सवय लागली की प्रशासनाची भाषा कळू लागते. ‘होय, हे खरे आहे’ हे क्वचित असते. ‘अंशतः खरे आहे’ म्हणजे खाते अडचणीत आहे. ‘हे खरे नाही’ असे पहिल्या भागाला लिहिले की उरलेल्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढे लिहून मोकळे होता येते. आमदाराची परीक्षा यानंतरच्या उपप्रश्नात होते, कारण तो कोणी लिहून देऊ शकत नाही. ज्याने विषय स्वतः फिरून पाहिलेला असतो, तो दोन वाक्यांत मंत्र्याला कोपऱ्यात गाठतो. ज्याने पाहिलेला नसतो, तो भाषण करतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बहुधा त्याचेच छायाचित्र येते.

माझ्या मते चांगला आमदार ओळखण्याची जागा या दोन नोकऱ्यांच्या सांध्यावर आहे. सकाळी पडवीत आलेला ट्रान्सफॉर्मर एका फोनने बदलून मिळतो आणि तो माणूस जन्मभर उपकार विसरत नाही. परंतु तालुक्यातले असे चाळीस ट्रान्सफॉर्मर का जळतात आणि दुरुस्तीला महिना का लागतो, हे सभागृहात विचारले तर त्या चाळिसांपैकी एकालाही हे काम कोणी केले याचा पत्ता लागत नाही. फोन मते देतो. प्रश्न बहुधा देत नाही. तरीही पडवीतली तक्रार प्रश्नाच्या कागदावर उतरवणारे सदस्य सर्व पक्षांत मी पाहिले. फार नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

अशा सदस्यांत गणपतराव देशमुखांचे नाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यातून १९६२ साली ते पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४पर्यंत, १९७४ची पोटनिवडणूक धरून, अकरा वेळा जिंकले. १९७२ आणि १९९५ असे दोन पराभवही त्यांनी पाहिले. शेतकरी कामगार पक्षाचे असल्यामुळे जवळजवळ सारा काळ विरोधी बाकांवर गेला. १९७८ आणि १९९९च्या सरकारांत थोडा काळ मंत्रिपद मिळाले तेवढेच. लोक त्यांच्या एसटीच्या प्रवासाबद्दल आणि साधेपणाबद्दल बोलतात. ते खरेच आहे, पण निव्वळ साधेपणावर कोणी अकरा वेळा निवडून येत नाही. पाऊस कमी, जमीन हलकी अशा तालुक्याला पाणी हवे, ही एकच गोष्ट त्यांनी लावून धरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदांत ते उभे राहिले आणि कृष्णेचे पाणी उचलून या भागाला द्यावे, ही परिषदेतली मागणी सभागृहात मांडत राहिले. रस्त्यावर एक आणि सभागृहात दुसरे, असे त्यांच्या बाबतीत झाले नाही.

सभागृहात हरूनही काम होते, हे सांगितल्यावर लोक अविश्वासाने पाहतात. कोणत्याही सदस्याला स्वतःचे विधेयक मांडता येते. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात आणि ते मंजूर होणे दुर्मीळच. मंत्री ‘शासन याबाबत विचार करील’ असे म्हणतो आणि सदस्य विधेयक मागे घेतो, हा नेहमीचा शेवट. समाजवादी आमदार मृणाल गोरे यांनी ऐंशीच्या दशकात गर्भलिंगनिदान चाचण्यांवर बंदी आणण्यासाठी असे विधेयक मांडले. बाहेर महिला संघटनांनी हा विषय पेटता ठेवला होता. पुढे १९८८ साली राज्य सरकारने स्वतःच तसा कायदा केला, देशातला पहिला, आणि केंद्राचा कायदा १९९४मध्ये आला. ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मृणालताईंचे महागाईविरोधी मोर्चातले लाटणे सर्वांच्या लक्षात राहिले आहे. विधेयकाची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

गोंधळाबद्दलही तुम्ही विचारताच. घोषणा, कागद फाडणे, हौद्यात, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, धावून येणे हे सगळे मी लिहून घेतले आहे, म्हणजे ‘(अडथळा)’ असा एक शब्द लिहिला आहे. त्याबद्दल याहून अधिक लिहावे असे मला वाटत नाही.

त्यापेक्षा माझी एक चूक सांगतो. दुष्काळी भागातले पहिल्याच खेपेचे एक आमदार रात्री साडेआठच्या सुमारास होणाऱ्या चर्चेत बोलले. त्या वेळी सभागृहात पंचवीसेक सदस्य असतील आणि पत्रकार कक्ष रिकामा झाला होता. टँकर बंद झालेल्या गावांविषयी ते बोलत होते. दुसऱ्या दिवशी भाषणाची प्रत तपासण्यासाठी ते आमच्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘साहेब, मी सतरा गावे म्हणालो होतो. तुम्ही सत्तर लिहिले आहे.’ मी टिपणवही उघडली; घाईत ओढलेली रेघ कशीही वाचता येत होती. मी ओशाळून म्हणालो की सत्तर राहिले असते तरी आपल्या मागणीला वजनच आले असते. त्यांनी खिशातून डायरी काढली. पेन्सिलीने लिहिलेली सतरा गावांची नावे, पुढे लोकसंख्या, विहिरीची स्थिती आणि शेवटचा टँकर कोणत्या तारखेला आला ते. म्हणाले, ‘सत्तर म्हटले की मंत्रिमहोदय माहिती मागवतात. ती यायला पावसाळा उजाडतो. सतरा म्हटले की नावे विचारतात.’ मी आकडा दुरुस्त केला. मंत्र्यांनी खरोखरच नावे मागून घेतली होती आणि पंधरा दिवसांत कार्यवाहीचे आश्वासन दिले होते. सभागृहात दिलेले आश्वासन नोंदले जाते आणि ते पाळले की नाही हे आश्वासन समिती पाहते. ही समिती वर्तमानपत्रांत जवळजवळ दिसत नाही, पण अधिकारी तिला बिचकून असतात.

ते आमदार पुढच्या निवडणुकीत पडले. का पडले, ते मला ठाऊक नाही. तिकिटे, जाती, पैसा आणि लाट यांचे गणित प्रतिवेदकाच्या टेबलावरून दिसत नाही. दोनेक वर्षांनी ते प्रवेशपत्र घेऊन ग्रंथालयात आलेले दिसले, हातात कापडी पिशवी. त्या रात्रीच्या कार्यवाहीच्या छापील खंडातले पान त्यांना हवे होते. मी शोधून दिले. सतरापैकी पाच गावांच्या नळयोजना अजून अर्धवट आहेत आणि नवीन आमदारांना जुने आश्वासन दाखवता आले तर त्यांचे काम सोपे होईल, असे ते म्हणाले. नवीन आमदार म्हणजे ज्यांनी त्यांना पाडले तेच. झेरॉक्सच्या दोन प्रती त्यांनी काढल्या, पैसे दिले, एक घडी घालून डायरीत ठेवली आणि दुसरी हातात धरून ते आमदार निवासाच्या बाजूला चालू लागले.