कावळा लगेच शिवला

नाशिकच्या रामकुंडावर दशक्रियेला आलेल्यांचा प्रश्न ठरलेला: "गुरुजी, कावळा शिवेल ना?" अश्म्याची पूजा, तिलांजली, अपसव्य यांत कुणाला रस नसतो, निम्मे मोबाईलमध्ये असतात. पिंड ठेवला की मात्र सगळे हात जोडून वर बघतात.

आमच्या घाटावरचे कावळे पोटभरू. ऊन चढलं की हलत नाहीत, पितृपक्षात तर विचारूच नका. म्हणून मी सकाळची वेळ देतो, भात जरा आसट शिजवायला लावतो, पिंड घट्ट वळतो आणि पत्रावळ माणसांपासून चांगली लांब ठेवतो. काही जण पाच मिनिटांत पिंडाला दर्भाच्या गवताचा कावळा लावून मोकळे होतात, पुढचं गिऱ्हाईक उभं असतं ना! मला ते पटत नाही. थांबलं की माणसं बोलायला लागतात. "धाकटीचं लग्न करून देऊ", "शेत विकणार नाही", असं चारचौघांत कबूल करतात. माझ्या मते विधी तेवढ्यासाठीच आहे.

त्या दिवशी ती वेळच आली नाही. सत्तरीतल्या एका बाईंचा दहावा. मी पत्रावळ ठेवून वळतोय तोच कावळा पिंडावर! शेजारची जिलबी तशीच, चोच थेट भातात. थोरला म्हणाला, "सुटली आई. कसलीच इच्छा नव्हती राहिली."

लेक मात्र जागची हलेना. "गुरुजी, जिलबी बाबांना आवडायची. आईला काय आवडायचं ते आम्हाला कुणालाच सांगता आलं नाही."

मी नेहमीचं सांगितलं. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात, जशी इच्छा तसा संकल्प, जसा संकल्प तसं कर्म आणि तशीच पुढची गती. ज्याच्या इच्छाच सरल्या तो परत येत नाही. भागवतातल्या भरताने राज्य सोडलं, पण मरताना जीव पाडसात गुंतला आणि हरणाचा जन्म आला. तुमच्या आईचा जीव कशात गुंतला नव्हता.

"तिला कधी कुणी विचारलंच नाही. मग तिच्या इच्छा गेल्या कुठे?"

याचं उत्तर मला येत होतं, पण देववेना. इंद्रियं आवरून मनात विषय घोळवत बसणाऱ्याला गीतेचा तिसरा अध्याय मिथ्याचारी म्हणतो. म्हणजे दाबलेली इच्छा मरत नाही, विचार होऊन आत राबत राहते. पण हे जन्मभर सोसलेल्या बाईला कसं लावायचं? सोसणं आणि विरक्ती बाहेरून सारखीच दिसतात, अन् कावळ्याला भूक तेवढी कळते. हे घाटावर बोललो तर धंदा बसेल.

"त्र्यंबकला नारायणबळी करू का?" तिने विचारलं. अतृप्त जिवाच्या शांतीसाठीचा हा विधी; दुसरा कुणी असता तर तिथल्या तिथे तारीख काढली असती. मी म्हटलं, "आधी मावशीला विचारा, शेजारणींना विचारा. तिला आवडायचं ते तेराव्याला करा."

"तेराव्याचा आचारी ठरलाय," थोरला मध्येच म्हणाला आणि कावळा लवकर शिवला म्हणून दक्षिणा वाढवून माझ्या हातावर ठेवली.